नवी डर्ट बाइक: शोरूमपासून पहिल्या हजार किलोमीटरपर्यंत, सोलापूरच्या धुळीत आणि उन्हात

नव्या गाडीचं रनिंग, म्हणजे सुरुवातीच्या किलोमीटरांत तिला जपून रुळवणं, म्हटलं की बहुतेकांना एकच नियम माहीत असतो: चाळीसच्या वर पळवायची नाही. डर्ट बाइकला, म्हणजे कच्च्या रस्त्यावर आणि माळावर चालवायच्या मोटारसायकलला, हा नियम अपुरा आहे, आणि अर्धा चुकीचाही. या गाडीत इंजिनाबरोबर चाकाच्या तारा, चेन, ब्रेकचे पॅड, सस्पेन्शनचे सील, शेकडो नट-बोल्ट हे सगळं पहिल्या काही दिवसांत आपापल्या जागी बसत असतं. त्यात इंजिनाकडे सगळेच लक्ष देतात, बाकीच्यांकडे कुणी बघत नाही. मग हजार किलोमीटरला रिमला आऊट आलेला असतो, म्हणजे तो वाकडा फिरत असतो, चेन खडखडत असते आणि ‘कंपनीनं गाडीच खराब दिली’ असं ऐकू येतं.

नंबर प्लेटची की बिननंबरची

हा निर्णय पैसे मोजण्याआधीचा. हीरो एक्सपल्स २१० किंवा कावासाकी केएलएक्स २३० या गाड्यांची पासिंग होते, एमएच-१३ चा नंबर मिळतो, आठवडाभर कामावर नेता येतात आणि रविवारी माळावर. कावासाकीच्या केएक्स मालिकेतल्या गाड्या मात्र निव्वळ स्पर्धेच्या. त्यांना हेडलाइट नाही, इंडिकेटर नाही आणि रस्त्यावर चालवायची परवानगीही नाही. अशा गाडीसोबत फॉर्म २२, म्हणजे कंपनीचं रस्त्यायोग्यतेचं प्रमाणपत्र, मिळत नाही आणि त्याशिवाय आरटीओत नोंदणी होत नाही. ‘नंतर बघू, एजंट करून देतो’ या वाक्यावर ॲडव्हान्स देऊ नका. बिननंबरची गाडी छोट्या टेम्पोत घालून स्वतःच्या किंवा मालकाच्या परवानगीच्या जमिनीवरच न्यावी लागते. विजापूर रोडवर पंपापर्यंत जरी चालवली तरी ती जप्त होऊ शकते, आणि अपघात झाला तर विम्याचा आधार नसतो.

पहिलीच डर्ट बाइक असेल तर आमचं मत सरळ आहे: नंबरची घ्या. स्पर्धेच्या गाडीचा देखभालीचा हिशोब किलोमीटरवर नसतो, तासांवर असतो. ऑइल, फिल्टर, पुढे पिस्टन-रिंग सगळं इंजिन किती तास चाललं त्यावर बदलायचं. हा खर्च खरेदीच्या दिवशी कुणी सांगत नाही.

सीटची उंची कागदावर वाचून ठरवू नका. एक्सपल्स २१० ची ८३० मिमी आहे, केएलएक्स २३० ची ८८०. पाच फूट पाच इंचाच्या माणसाला दुसऱ्या गाडीवर एकाच पायाचा चवडा टेकतो. तेवढ्याने भागतं, पण उतारावर गाडी थांबवून पाय टाकायचा सराव हवा. शोरूममध्ये रोजच्या चपला न घालता जाड तळव्याचे बूट घालून बसा, कारण चालवताना तेच असणार. आणि गाडी एकदा आडवी करून उचलता येते का, हे मनात तरी तोलून बघा. माळावर उचलायला दुसरं कुणी नसतं.

बिल

कोटेशन ओळीओळीने मागा. एक्स-शोरूम किंमत, रोड टॅक्स, नोंदणी, विमा, एचएसआरपी नंबर प्लेट, ॲक्सेसरीज असं वेगवेगळं हवं. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलवर जीएसटी १८ टक्के आहे, त्यावरच्या गाड्यांवर ४० टक्के. नव्या दुचाकीला थर्ड पार्टी विमा ५ वर्षांचा घ्यावाच लागतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा शोरूमकडूनच घ्यायची सक्ती नाही, बाहेरचा दर काढून बघा आणि मग बोला. ‘हँडलिंग चार्ज’ नावाची ओळ दिसली की ती कशाची, हे विचारा. बहुतेक वेळा ती नुसत्या विचारण्यानेच कमी होते. चॉईस नंबर हवा असेल तर गाडी नोंदायच्या आधी सांगा, नंतर काही करता येत नाही.

ताबा घेताना

पाडव्याला किंवा दसऱ्याला गाडी घ्यायची प्रथा आपल्याकडे पक्की आहे. त्या दिवशी शोरूममध्ये पन्नास गाड्या रांगेत असतात, मेकॅनिक दोन, आणि डिलिव्हरीपूर्व तपासणी कागदावरच होते. मुहूर्त सांभाळायचाच असेल तर तपासणी आदल्या दिवशी उरकून घ्या आणि सणाला फक्त किल्ली घ्या.

दिवसाउजेडी, गाडी उन्हात उभी करून बघा. हँडलखालच्या नळीवर कोरलेला चेसी नंबर आणि इंजिनावरचा नंबर बिलाशी अक्षरशः जुळवा. एक आकडा चुकला तरी आरटीओत आठवडे जातात. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, १२२५ म्हणजे २०२५ चा १२ वा आठवडा. टायर आणि गाडी दोन्ही वर्षभर गोडाऊनमध्ये पडून असतील तर सूट मागायचा तो पुरावा आहे. पुढच्या फोर्कच्या नळ्यांवर बोट फिरवा. ओरखडा लागला तर घेऊ नका, तोच ओरखडा सील फाडणार. हँडल सरळ आहे का, पुढचं चाक उचलून ते दोन्ही बाजूंना न अडखळता वळतं का, चाक फिरवताना रिम एका जागी डोलतो का, ब्रेक दाबल्यावर लिव्हर टणक लागतो की स्पंजासारखा, हे सगळं दहा मिनिटांचं काम आहे.

पूजेबद्दल एक. हळद-कुंकू टाकीवर लावा, हेडलाइटवर लावा, डिस्कवर नको. निरांजनातल्या तेलाचा थेंब किंवा कुंकवाचं बोट डिस्कवर लागलं तर ते पॅडमध्ये मुरतं आणि ब्रेक पहिल्याच दिवशी करकरतो. लागलंच तर ब्रेक क्लीनरने पुसा. हाराचा दोरा चाकाच्या आसाभोवती गुंडाळला गेला तर तो सील कापतो. घरी आल्यावर सगळ्यात आधी हार काढा.

घरी आल्यावर, पहिल्या फेरीआधी

कारखान्यातून येणाऱ्या गाडीत ग्रीस हात राखून लावलेलं असतं. स्टिअरिंगचे बेअरिंग, स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा) पिव्होट, म्हणजे बिजागरी, आणि मोनोशॉकच्या (मागच्या एकट्या शॉकच्या) खालची लिंकेज (जोडदांड्या) या तीन जागा खोलून भरपूर ग्रीस लावून घेतल्या तर त्या कितीतरी जास्त टिकतात. नंबरच्या गाडीवर वॉरंटी असते, त्यामुळे हे काम पहिल्या सर्व्हिसला सांगून सेंटरमध्येच करून घ्या. स्पर्धेच्या गाडीवर मात्र चालवायच्या आधीच करा.

मग एक पांढरा पेंट मार्कर आणा. पुढच्या-मागच्या आसाचे नट, मागच्या स्प्रॉकेटचे बोल्ट, ब्रेक कॅलिपरचे बोल्ट, फुटरेस्ट, हँडलचे क्लॅम्प हे टॉर्क पान्याने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) गाडीसोबतच्या पुस्तकातल्या आकड्यावर तपासा. मग नटावरून गाडीच्या अंगापर्यंत मार्करने एक सरळ रेघ ओढा. पुढे रोज पाना लावायची गरज नाही. रेघ तुटलेली दिसली की तो नट फिरलाय. मागच्या स्प्रॉकेटच्या बोल्टला निळं थ्रेडलॉक (आटे धरून ठेवणारा डिंक) लावायला हरकत नाही. लाल लावू नका, ते पुढे गरम केल्याशिवाय सुटत नाही.

क्लच लिव्हरच्या टोकाशी १० ते २० मिमी मोकळी हालचाल ठेवा. ती शून्य असेल तर क्लच अर्धवट दाबलेला राहतो आणि प्लेटा नव्या गाडीतच जळतात. ॲक्सिलरेटरलाही थोडी ढील हवी. हँडल दोन्ही टोकांना वळवून बघा. वळवल्यावर इंजिन आपोआप रेस होत असेल तर केबल ताणली जातेय.

इंजिन फ्री होतं म्हणजे काय होतं

सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर होनिंगच्या, म्हणजे कारखान्यात मुद्दाम घासून पाडलेल्या, बारीक तिरप्या रेषा असतात, कानशीसारख्या. पिस्टनच्या रिंगा त्या रेषांवर घासून स्वतःचा आकार घेतात. रिंगेला भिंतीवर दाबून धरतो तो स्फोटाचा दाब, आणि हा दाब इंजिनावर लोड असल्याशिवाय तयार होत नाही. म्हणूनच ‘चाळीसने, टॉप गिअरमध्ये, हळूहळू’ हा सल्ला फसतो. लोडच नसल्यामुळे रिंगा बसत नाहीत, रेषांवर जळालेल्या ऑइलचा गुळगुळीत थर चढतो आणि इंजिन जन्मभर ऑइल पितं. उलट पहिल्याच दिवशी पूर्ण रेस दिली तर घासणाऱ्या जागा इतक्या तापतात की पिस्टनवर उभे ओरखडे पडतात.

मधला मार्ग असा. सकाळी सहाला निघा. एप्रिल-मे मध्ये सोलापुरात पारा बेचाळीसच्या वर जातो, आणि नवं इंजिन मुळातच जास्त तापतं. गाडी चालू करून मिनिटभर थांबा आणि निघा. उभ्या जागी दहा मिनिटं गरम करत बसू नका, विशेषतः एअर-कूल्ड गाडी. तिला वाऱ्याशिवाय थंड करणारं काहीच नसतं.

पहिले १५० किमी लाल रेषेच्या (मीटरवरच्या इंजिनाच्या कमाल मर्यादेच्या) निम्म्या आरपीएमपर्यंतच, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्यांपर्यंतच, राहा. तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर हळूहळू उघडत वेग वाढवा, मग पूर्ण सोडून द्या आणि गाडी इंजिनाच्या ब्रेकवर उतरू द्या. पुन्हा वाढवा, पुन्हा सोडा. सोडल्यावर सिलिंडरमध्ये तयार होणारी ओढ रिंगांवरचं ऑइल वर खेचते, ते घासलेला धातूचा कीस धुऊन नेतं. पुणे-हैदराबाद हायवेवर एकाच वेगाने शंभर किलोमीटर मारणं ही यातली सगळ्यात वाईट पद्धत. त्यापेक्षा बार्शी रोड चांगला, गावं लागतात, वेग आपोआप बदलतो. तुळजापूरकडची चढण हे तर आयतं वर्कशॉप आहे: जाताना लोड मिळतो, येताना इंजिन ब्रेकिंग. साधारण ४५ किलोमीटरवर पोचलात की गाडी पूर्ण गार होऊ द्या. दर्शनाला तेवढा वेळ जातोच.

१५० ते ५०० किमीमध्ये दोन-तृतीयांश आरपीएमपर्यंत जा, पण काही सेकंदच. डबलसीट नको, गोणी नको, आणि टॉप गिअरमध्ये ३० च्या वेगाने घुर्र करत ओढणं तर अजिबात नको. कमी आरपीएमवर ऑइलचा दाब कमी आणि बेअरिंगवरचा मार जास्त असतो.

स्पर्धेच्या गाडीचा क्रम वेगळा. इंजिन गरम करा, १५ मिनिटं अर्ध्या ॲक्सिलरेटरवर चालवा, हात ठेवता येईल इतकी गार होऊ द्या. कूलंटची पातळी आणि तारा तपासा. मग आणखी दोनदा तेच, दरवेळी थोडं वाढवत. त्यानंतर ऑइल आणि फिल्टर बदला, मगच पूर्ण रेस. केएक्स ६५ सारखी टू-स्ट्रोक असेल तर पेट्रोलमध्ये ऑइल ३२ ला १: पाच लिटरला साधारण १५५ मिली. मोजायला औषधाचं मापटं घ्या, अंदाजाने बाटली उपडी करू नका. मिश्रण त्या दिवसापुरतंच बनवा. इथेनॉलचं पेट्रोल हवेतला ओलावा ओढून घेतं.

तारा, चेन

तारेचं डोकं आणि निपल (तार ताणायचा छोटा नट) नव्या रिमात पहिल्या धक्क्यांमध्ये दबून बसतात, त्यामुळे तार ढिली होते. एक ढिली तार शेजारच्या तारांवर भार टाकते, मग त्या तुटतात. कच्च्या रस्त्यावरचे पहिले ३० किलोमीटर झाले की चाक उचला आणि दहाच्या पान्याने एकेक तार हलकेच वाजवा. ताणलेली तार टण वाजते, ढिली थप्प. ढिली सापडली तर पाव फेरा द्या, चाक एकदा फिरवून रिम डोलतोय का बघा, मग पुढे. एकाच ठिकाणच्या तीन-चार तारा जोरात ताणल्या तर आऊट तुम्हीच आणलात असं समजा. पुन्हा १०० ला, मग ५०० ला तपासा. सायकलवाल्याचा तारांचा पाना या निपलला बसत नाही आणि चौकोन गोल करून टाकतो. मोटारसायकलचा वेगळा घ्या.

चेनबाबत सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे ती रोडच्या गाडीसारखी घट्ट करणं. डर्ट बाइकचं मागचं चाक खूप वर-खाली होतं, आणि पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा पिव्होट आणि मागचा आस एका रेषेत आले की चेन सर्वात जास्त ताणली जाते. ढील पुस्तकातल्या आकड्याइतकीच ठेवा, बहुतेक गाड्यांना ती ३५ ते ५० मिमीच्या दरम्यान असते. खात्री करायची तर दोन मित्रांना सीटवर बसवून या तिन्ही गोष्टी एका रेषेत आणा. तेव्हाही खालच्या बाजूची चेन बोटाने थोडी हलली पाहिजे. हलत नसेल तर प्रत्येक खड्ड्यात गिअरबॉक्सचं बेअरिंग ओढलं जातंय. नवी चेन पहिल्या ३०० किमीत लांबते, तेव्हा दोनदा लावावी लागणार हे गृहीत धरा. ओ-रिंगची चेन रॉकेलने पुसा, पेट्रोलने नको, रबर फुगतं. चेन ल्यूब लावल्यावर दहा मिनिटांनी फडक्याने पुसून घ्या. बाहेर राहिलेला थर मुरमाची धूळ पकडतो आणि त्याचं पॉलिश पेपर होतं.

ब्रेक आणि टायर

मोकळ्या रस्त्यावर ताशी ४० वरून १० पर्यंत मध्यम जोराने १५-२० वेळा वेग उतरवा, मध्ये थोडं अंतर ठेवून. पूर्ण थांबून लिव्हर दाबून धरू नका, गरम पॅडचा ठसा डिस्कवर उमटतो आणि पुढे लिव्हर थरथरतो. नव्या टायरवर साच्यातला निसरडा थर असतो, पहिले १०० किमी वळणावर जपून.

धूळ

सोलापूरच्या गाडीचं आयुष्य एअर फिल्टर ठरवतो. माळावरच्या मुरमाची धूळ पिठासारखी असते. एकामागे एक गाड्या चालल्या की मागच्याचा फिल्टर तासाभरात भरतो, म्हणून अंतर ठेवा किंवा शेजारून चाला. फिल्टर कागदी असेल तर तो हवा मारून साफ होत नाही, कागदाला भोकं पडतात आणि तिथून धूळ थेट रिंगांवर. तो बदलायचाच, पुस्तकातल्या मुदतीच्या निम्म्यात. फोमचा असेल तर दर एक-दोन रविवारी काढा. आधी रॉकेलमध्ये दाबून, मग साबणाच्या पाण्यात धुवा. पिळताना मुरगळू नका, जोड उसवतात. पूर्ण वाळल्यावर फोम फिल्टरचं ऑइल सगळीकडे सारखं मुरेपर्यंत दाबा आणि कडेला ग्रीसची पातळ रेघ लावून बसवा. बसवण्याआधी एअरबॉक्सच्या आत, फिल्टरच्या पलीकडच्या बाजूला, पांढरं फडकं फिरवा. फडक्यावर माती दिसली तर फिल्टर नीट बसत नाहीये, आणि ही गोष्ट कितीही चांगल्या रनिंगने भरून निघत नाही.

फोर्कच्या सीलमध्येही हीच धूळ अडकते आणि ऑइल गळू लागतं. सील बदलायच्या आधी डस्ट कव्हर सरकवून जुन्या एक्स-रेची बारीक पट्टी सीलच्या ओठाखाली फिरवून घाण काढून बघा. निम्म्या वेळा गळती थांबते.

सस्पेन्शन तुमच्या वजनाला

गाडी ज्या वजनाला लावून येते ते तुमचं असेलच असं नाही. चाक हवेत असताना मागच्या आसापासून वर सीटखालच्या एका खुणेपर्यंत अंतर मोजा. मग बूट-हेल्मेटसह पूर्ण वजन टाकून बसा आणि दुसऱ्याकडून तेच अंतर मोजून घ्या. फरक मागच्या एकूण ट्रॅव्हलच्या (चाक वर-खाली होऊ शकतं त्या अंतराच्या) सुमारे एक-तृतीयांश हवा, म्हणजे २०५ मिमीच्या ट्रॅव्हलला ६२ ते ६८. जास्त असेल तर स्प्रिंगचा प्रीलोड, म्हणजे आधीचा दाब, वाढवा. नंतर गाडी रिकामी उभी करून मोजा. बसल्यावरचा आकडा बरोबर आला, पण रिकामी गाडी जराही खाली बसत नसेल तर स्प्रिंग तुमच्या वजनाला मऊ आहे. कितीही पिळला तरी उपयोग नाही, जाड स्प्रिंगच लागेल. हे मोजमाप ३०० किमीनंतर पुन्हा करा, तोपर्यंत सील सैल झालेले असतात.

काटे आणि काळी माती

वेड्या बाभळीचा काटा ट्यूबच्या टायरमधून आरपार जातो. बांधावरून जायचं तर जाड ट्यूब टाका आणि दोन टायर लिव्हर, पॅचचं सामान, हातपंप जवळ ठेवा. कच्च्यावर हवा थोडी कमी केली की पकड वाढते, पण १८ पीएसआयच्या खाली गेलात तर दगडावर ट्यूब रिमात चिमटली जाते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. ट्यूब काढल्यावर टायरच्या आतून बोट न फिरवता कापूस फिरवा. मोडलेलं टोक अडकलं की कापूस तिथेच धरला जातो.

जूननंतर काळ्या रानात नवी गाडी घालू नका. चिकण माती मडगार्ड आणि टायरमध्ये भरून चाक जाम होतं, क्लच जळतो, रेडिएटरच्या जाळ्या लिंपल्या जातात. मुरमाचा माळ, कॅनॉलच्या कडेचा रस्ता जिथे परवानगी असेल तिथे, हे पावसाळ्यातले पर्याय. नान्नजचं माळढोक अभयारण्य मोकळं माळरान दिसलं तरी तिथे गाडी न्यायची नाही, तो वनखात्याचा गुन्हा आहे. धुताना प्रेशरचं पाणी चाकाचे बेअरिंग, चेन, रेडिएटर आणि सायलेन्सरच्या तोंडापासून लांब ठेवा.

पहिली सर्व्हिस

बहुतेक नंबरच्या गाड्यांना ती ५०० ते १००० किमीमध्ये असते. ती चुकवली तर वॉरंटीचा वाद ओढवतो. ऑइल पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचंच आणि जासो एमए किंवा एमए-२ (मोटारसायकलच्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण) लिहिलेलं घ्या. कारच्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारे घटक असतात, त्याने क्लच घसरतो. जुनं ऑइल पांढऱ्या भांड्यात काढायला सांगा आणि स्वतः बघा. चांदीच्या वर्खासारखी बारीक चमक असेल तर ती रिंगा-गिअर बसल्याची, ती यायलाच हवी. नखाने पकडता येईल असा तुकडा दिसला तर भांडं तसंच ठेवून फोटो काढा आणि जॉबकार्डवर लिहून घ्या. ड्रेन बोल्टचा वॉशर नवा मागा. हात जड असलेल्या पोऱ्याकडून तो बोल्ट लांब पान्याने आवळू देऊ नका, ॲल्युमिनियमचे आटे एकदा गेले की अख्ख्या इंजिनाच्या केसचा खर्च. व्हॉल्व्हची सेटिंग याच वेळी तपासून घ्या, इंजिन पूर्ण गार असताना. म्हणजे गाडी आदल्या संध्याकाळी सोडून या. सकाळी चालवत नेऊन लगेच व्हॉल्व्ह मोजले तर आकडा खोटा येतो.